वेव्हगाइड फिल्टर १० गिगाहर्ट्झला काढला, ११ ला निघाला. चूक कुठे असेल?

मृण्मयी_सांगली
नमस्कार मंडळी. मी एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एक्स-बँडचा (८ ते १२ गिगाहर्ट्झ) बँडपास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारा, घेतला आहे. डब्ल्यूआर-९० वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह लाटा नेणारी पोकळ धातूची नळी), म्हणजे आतून २२.८६ × १०.१६ मिमी. त्यात तीन कॅव्हिटी (लाट घुमते ते कप्पे) आणि चार आयरिस, म्हणजे खिडकी असलेल्या आडभिंती. मध्य १० गिगाहर्ट्झ, रुंदी ३०० मेगाहर्ट्झ, ०.१ डेसिबल रिपलचा (पट्ट्यातल्या चढउताराचा) चेबिशेव्ह प्रकार.

पुस्तकातली सूत्रं वापरून हिशोब केला. बाहेरच्या दोन खिडक्या ९.२ मिमी, आतल्या दोन ५.१ मिमी. कॅव्हिटीच्या लांब्या १७.६५, १८.९१ आणि पुन्हा १७.६५ मिमी. आयरिसची जाडी २ मिमी ठेवली, कारण त्याहून पातळ भिंत मिलिंग करताना थरथरते असं वर्कशॉपमधले म्हणाले.

एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं. १० गिगाहर्ट्झला एस११ (परत येणारा भाग) जवळजवळ शून्य डेसिबल, म्हणजे सगळं परत. आणि १०.८ ते ११.१ च्या मध्ये तीन सुटी, वेडीवाकडी टोकं. नऊ दिवस याच्यात गेले. हिशोब तीनदा तपासला, तोच येतो. सर म्हणतात ऑप्टिमायझर लाव. पण चूक काय आहे हे कळल्याशिवाय मला पुढे जायचं नाही. सूत्रं चुकली, सॉफ्टवेअरची काही सेटिंग चुकली, की मीच चुकले?

गोदाकाठ
पहिला प्रश्न: एकक मिमीच आहे ना? डब्ल्यूआर-९० मधला ९० म्हणजे ०.९० इंच. इंच-मिमीच्या गोंधळात माझा एक आठवडा गेला होता.

मृण्मयी_सांगली
हो, मिमीच आहे. तपासलं.

रेघोट्या
मॉडेलमध्ये धातू काढलाय की पोकळी? नवीन लोक बाहेरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढतात, मग आत भोक पाडतात. एचएफएसएसमध्ये त्याची गरज नाही. मॉडेलच्या बाहेरचं सगळं तो आपोआप आदर्श वाहक धरतो. आतली हवा तेवढी काढायची, आयरिसच्या जागी ती अरुंद करायची. सीएसटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीचं द्रव्य स्वतः निवडावं लागतं, तिथे ते व्हॅक्यूम राहून गेलं तर वेव्हगाइडला भिंतीच उरत नाहीत.

मृण्मयी_सांगली
हवाच काढली आहे. दोन्ही टोकांना वेव्ह पोर्ट (लाट आत-बाहेर जाण्याची तोंडं), पहिल्या आयरिसपासून ४० मिमी दूर.

सौमित्र_बंगळूर
पोर्टचं अंतर भरपूर आहे. आयरिसपाशी तयार होणारे वरचे मोड (लाटेच्या फील्डचे नमुने) तिथवर मरून जातात. टीई१० या मूळ मोडचा कट-ऑफ (ज्याखाली तो चालत नाही ती वारंवारता) ६.५५७ गिगाहर्ट्झ, टीई२० चा १३.११. तुमच्या पट्ट्यात एकच मोड चालतो, म्हणजे पोर्टला एक मोड पुरे.

माझा संशय जाळीवर (मेशवर) आहे, म्हणजे सॉफ्टवेअर मॉडेलचे जे छोटे तुकडे करतं त्यावर. ॲडाप्टिव्ह मेशिंगची वारंवारता १० ठेवली असणार, कारण फिल्टर १० चा आहे. पण तुमचा फिल्टर १० ला काही पुढे जाऊच देत नाहीये. मग फील्ड पहिल्या आयरिसशी अडकतं, दुसऱ्या-तिसऱ्या कॅव्हिटीत पोचतच नाही. सॉफ्टवेअर फील्ड बघून जाळी बारीक करतं. जिथे फील्ड नाही तिथली जाळी ढोबळ राहते, आणि डेल्टा-एस (लागोपाठच्या दोन फेऱ्यांच्या उत्तरांतला फरक) ०.०२ च्या खाली आला म्हणून ते समाधानाने थांबतं. स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, आतल्या दोन कॅव्हिटी मात्र बघितल्याच गेलेल्या नसतात. मेशची वारंवारता आत्ता जिथे टोकं दिसतायत तिथे न्या, किंवा दोन-तीन वारंवारता द्या. डेल्टा-एस ०.००५ करा.

मृण्मयी_सांगली
सौमित्रदादा, अगदी बरोबर! १० च ठेवली होती. जाळीचं चित्र उघडून पाहिलं तर तिसऱ्या कॅव्हिटीत मोजकेच मोठे चतुष्फलक होते. आता १०.९ ला केलं. टोकं थोडी हलली आणि नीट झाली, पण पट्टा अजून ११ च्या आसपासच आहे.

निवृत्त_लहरी
मुली, आधी फिल्टर बाजूला ठेव. नुसता सरळ वेव्हगाइड घे, त्यात काही नको. लांबी ३९.७ मिमी ठेव आणि १० गिगाहर्ट्झला एस२१ ची (पार गेलेल्या भागाची) फेज बघ. पूर्ण ३६० अंशांचा फेरा आला पाहिजे, कारण मोकळ्या हवेत ३० मिमीची असलेली लाट डब्ल्यूआर-९० मध्ये ३९.७ मिमीची होते. हे आलं की पोर्ट, एकक, पदार्थ या सगळ्यांवरचा संशय एका फटक्यात जातो.

आमच्या वेळी हे सॉफ्टवेअर नव्हतं. बाकावर क्लायस्ट्रॉन (लाटा निर्माण करणारी नळी), पुढे स्लॉटेड लाइन (प्रोबसाठी खाच असलेला वेव्हगाइड), आणि मीटरचा काटा दोन खालच्या टोकांवर कधी येतो ते बघत प्रोब सरकवायचा. दोन टोकांतलं अंतर १९.८५ मिमी आलं की लाट १० ची आहे हे कळायचं. पहिल्यांदा ते स्वतःच्या हाताने मोजलं तेव्हा झालेला आनंद मला आजही आठवतो. न दिसणारी लाट व्हर्नियरच्या रेघांवर मोजता येते!

कोडकर
काका, आनंद मान्य, पण आज हे सगळं कशाला? फिल्टर सममित आहे. म्हणजे चल फक्त चार: दोन खिडक्या, दोन लांब्या. ऑप्टिमायझरला लक्ष्य द्यायचं की ९.८५ ते १०.१५ मध्ये एस११ उणे १६ च्या खाली. रात्री लावून झोपायचं, सकाळी फिल्टर तयार.

निवृत्त_लहरी
नाही, कोडकर. ऑप्टिमायझर उतार शोधत जातो. आत्ता तिच्या पट्ट्यात एस११ सगळीकडे शून्य डेसिबल आहे, सपाट माळरान. कुठल्या दिशेला पाऊल टाकायचं हे त्याला कळणार नाही. ऑप्टिमायझर शेवटच्या दोन टक्क्यांसाठी वापरावा. पहिले अठ्ठ्याण्णव टक्के माणसाला कळलेच पाहिजेत.

कोडकर
सुरुवात इतकी दूर असेल तर अडेल, हे मान्य. पण सुरुवात जवळची असेल तर मी माझ्या मतावर ठाम आहे.

वाचनमात्र_होतो
मध्येच विषयांतर, माफ करा. वेव्हगाइडला मराठीत काय म्हणायचं? ‘तरंगमार्गदर्शक’ फार लांब वाटतो.

गोदाकाठ
‘तरंगनळी’ कसं वाटतं? आयरिसला ‘खिडकी’ तर मृण्मयीने आधीच करून टाकलं आहे, आणि ते छान आहे.

रेघोट्या
फिल्टरला ‘गाळणी’ म्हणा. आमच्या घरी ‘बाबा ऑफिसात गाळण्या बनवतात’ असं मुलगी शाळेत सांगून आली. बाईंनी चहाची समजली.

वाचनमात्र_होतो
:) आणि या नळ्यांची कल्पना पहिल्यांदा कुणाची?

निवृत्त_लहरी
पोकळ नळीतून लाटा जाण्याचं गणित लॉर्ड रेले यांनी १८९७ मध्ये मांडलं. कट-ऑफ त्यातच आला. पण त्याच्या थोडं आधीपासून कोलकात्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस काही मिलिमीटर लांबीच्या लाटांवर प्रयोग करत होते, आणि त्यांच्या उपकरणांत पोकळ धातूच्या नळ्या आणि कर्णे होते. मग जवळपास चाळीस वर्षं जग हे विसरलं. १९३६ मध्ये बेल लॅब्समधले साउथवर्थ आणि एमआयटीतले बॅरो यांनी स्वतंत्रपणे ते पुन्हा समोर आणलं, आणि महायुद्धातल्या रडारने त्याला घराघरात नाही तरी जहाजाजहाजांवर नेलं. बोसांचं नाव या विषयाच्या पहिल्या तासाला घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या वर्गांत ते जगदीशचंद्रांच्या वनस्पतींवरच्या कामापाशीच थांबतं.

राइनकाठची
उशिरा वाचतेय, जर्मनीतून. मी गेली बारा वर्षं हेच काम करते, म्हणून दोन प्रश्न.

मृण्मयी, कॅव्हिटीची लांबी तू कुठून कुठे मोजलीस? आयरिसच्या मध्यापासून पुढच्या आयरिसच्या मध्यापर्यंत, की एका भिंतीच्या पृष्ठभागापासून समोरच्या पृष्ठभागापर्यंत?

आणि तू वापरलेल्या सूत्रांत आयरिसची जाडी कुठे आली होती का?

मृण्मयी_सांगली
मध्यापासून मध्यापर्यंत. आणि जाडी... सूत्रात नव्हतीच. खिडकीची रुंदी, वेव्हगाइडची रुंदी आणि गाइडमधली तरंगलांबी, एवढंच होतं.

राइनकाठची
मग दोन्ही चुका सापडल्या. सूत्रंही बरोबर आहेत आणि सॉफ्टवेअरही. ती दोघं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत, इतकंच.

पहिली गोष्ट. ती सूत्रं शून्य जाडीच्या पडद्यासाठी आहेत. कागदाहून पातळ पडदा असेल तर मध्य काय आणि पृष्ठभाग काय, एकच. तू पडदा २ मिमीचा केलास आणि मध्यापासून मध्य मोजलंस, म्हणजे प्रत्येक कॅव्हिटी आतून २ मिमीने आखूड झाली. १७.६५ ची १५.६५ झाली. कोऱ्या बंद डब्याचा हिशोब कर: १७.६५ मिमीचा डबा १०.७३ गिगाहर्ट्झला घुमतो, १५.६५ चा ११.६ ला. खिडक्या त्याला खाली ओढतात, पण सुरुवातच एवढी वर असेल तर ओढून ओढून ११ पर्यंतच येणार. तुझं ११ इथून आलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ५.१ मिमी रुंद खिडकी म्हणजे स्वतःच एक छोटा वेव्हगाइड, ज्याचा कट-ऑफ २९ गिगाहर्ट्झच्या वर आहे. १० गिगाहर्ट्झची लाट त्यातून चालत नाही, विझत जाते. २ मिमी अंतरात साधारण १० डेसिबल. ९.२ च्या खिडकीत पावणेपाच डेसिबलच्या आसपास. सूत्राला वाटतंय खिडकी उघडी आहे, प्रत्यक्षात ती बोगदा झाली आहे. म्हणून कॅव्हिटी एकमेकींशी पुरेशा बोलत नाहीत आणि तुला एक रुंद पट्टा मिळण्याऐवजी तीन सुटी टोकं दिसतात.

आता करायचं काय. पूर्ण फिल्टर सिम्युलेट करणं काही दिवस बंद. एक वेव्हगाइड, मधोमध एकच २ मिमी जाड आयरिस, दोन पोर्ट. पोर्टची प्रतलं डी-एम्बेड करून (मधल्या सरळ तुकड्याचा परिणाम वजा करून) आयरिसच्या पृष्ठभागांवर आणून ठेव. मग खिडकीची रुंदी बदलत जा आणि १० गिगाहर्ट्झला एस२१ बघ. तुझ्या चेबिशेव्हसाठी मी हिशोब केला: बाहेरच्या खिडकीचा इन्व्हर्टर (खिडकी किती जोडते त्याचं माप) ०.२८३, आतल्याचा ०.०७६. इन्व्हर्टर के असेल तर एस२१ = २के ÷ (१ + के²). म्हणजे बाहेरच्या खिडकीतून उणे ५.६ डेसिबल गेलं पाहिजे, आतल्यातून उणे १६.४. ज्या रुंदीला हे आकडे येतात ती तुझी रुंदी. जाडी, कोपरे, सगळं त्यात आपोआप धरलं जातं. आणि त्याच वेळी एस११ ची फेज वाचून घे. कॅव्हिटीच्या दोन टोकांना ज्या दोन खिडक्या आहेत त्यांच्या फेज मिळून लांबी ठरते, पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंतची.

एवढं करून जोडलेला फिल्टर पहिल्याच फेरीत १० च्या अगदी जवळ येतो. मग कोडकर म्हणतात तसा ऑप्टिमायझर लाव, तो अर्ध्या तासात उरलेलं करेल.

सौमित्र_बंगळूर
काय सुंदर समजावलंत. आम्ही ऑफिसात हेच करतो, पण ‘खिडकीचा बोगदा झाला’ असं कधी सुचलं नाही.

निवृत्त_लहरी
राइनकाठची, तुझ्या गुरूंना नमस्कार सांग.

कोडकर
मान्य. आधी खिडकी, मग ऑप्टिमायझर.

हौशी_रेडिओवाला
माझ्याकडे लायसन्स नाही, घरून करतो. विद्यार्थ्यांची मोफत आवृत्ती आहे पण जाळीच्या आकारावर मर्यादा. ओपनईएमएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हा फिल्टर होईल का?

सौमित्र_बंगळूर
होईल. पण पद्धत वेगळी आहे हे लक्षात ठेवा. एचएफएसएस एकेका वारंवारतेला समीकरण सोडवतं. ओपनईएमएस एफडीटीडी आहे, यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत: एक झटका सोडायचा आणि तो वेळेनुसार कसा पसरतो ते बघत राहायचं. अरुंद फिल्टरमध्ये तो झटका घंटेसारखा घुमत राहतो. घुमणं थांबण्याआधी गणना तोडली तर एस११ वर खोट्या लाटा उठतात. ऊर्जा उणे ५०-६० डेसिबलपर्यंत उतरू द्या. वेळ लागेल, लागू द्या. आणि जाळीच्या रेषा आयरिसच्या कडांवर बरोबर बसवा, नाहीतर २ मिमीचा आयरिस जाळीत २.३ चा होऊन बसतो.

मृण्मयी, जाळीच्या मर्यादेवर तुलाही उपयोगी पडेल असा एक उपाय आहे. टीई१० आणि तुझी रचना दोन प्रतलांभोवती सममित आहे. रुंदीच्या मध्यावर मॅग्नेटिक भिंत, उंचीच्या मध्यावर इलेक्ट्रिक भिंत, असं केलंस तर चौथाई मॉडेलमध्ये काम होतं. मात्र उलटसुलट लावल्या तर टीई१० तिथे राहूच शकत नाही आणि उत्तर निरर्थक येतं.

भोसरीचा_कातारी
मी सीएनसी चालवतो, इंजिनिअर नाही. रेडिओचं काम आमच्याकडे येतं म्हणून वाचत होतो. ताईंनी ड्रॉइंगमध्ये कॅव्हिटीचे आतले कोपरे काटकोनात दाखवले असतील. तसे होत नाहीत. १० मिमी खोल खिसा, ६ चं कटर वापरलं तर कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई राहणारच. ३ चं कटर लावलं तर दीड मिमी, पण खोलीमुळे हळू चालवावं लागतं, वेळ नि पैसे दोन्ही जास्त. आमच्याकडे असे दोन डबे परत आले होते, कारण कॉम्प्युटरवर काटकोन होता आणि हातात गोल आला. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

राइनकाठची
दादा, हे तुम्ही लिहिलंत फार बरं झालं. मॉडेलमध्ये कोपरे गोल करूनच शेवटची फेरी चालवायची. गोलाईने पोकळी लहान होते, म्हणून वारंवारता वर जाते. डग्ग्यापेक्षा लहान पुडीच्या तबल्याचा आवाज वरचा, तसंच काहीसं. पण कोपऱ्यात फील्ड अगदी क्षीण असतं, त्यामुळे छोटी गोलाई जाणवत नाही. त्रिज्या दुप्पट केली की मात्र परिणाम जवळपास सोळापट होतो. मृण्मयी, दीड आणि तीन दोन्ही चालवून बघ.

मृण्मयी_सांगली
अकरा दिवसांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि हे सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

काकांचा सरळ वेव्हगाइड आधी केला. ३६० अंश. ते बघून खरंच धीर आला.

मग उत्सुकता म्हणून जुन्याच खिडक्या ठेवून फक्त लांब्या पृष्ठभागापासून पृष्ठभागापर्यंत केल्या. पट्टा ११ वरून १०.१ ते १०.२ च्या मध्ये उतरला, पण अरुंद आणि टोकदारच. म्हणजे ताई म्हणाल्या तशा दोन वेगळ्या चुका होत्या, आणि मला त्या वेगवेगळ्या दिसल्या. मग एकेक खिडकी. उणे ५.६ साठी बाहेरची साडेदहाच्या थोडी वर गेली, उणे १६.४ साठी आतली सातच्या आसपास. ५.१ वरून ७! फेजवरून लांब्या काढल्या, फिल्टर जोडला, आणि पहिल्याच फेरीत तीन खड्डे दिसले, १० च्या दोन्ही बाजूंना. मी खोलीत एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

कोपरे: दीड मिमीला पट्टा हलल्यासारखा वाटलाच नाही, तीन मिमीला दहा-वीस मेगाहर्ट्झ वर गेला.

आता प्रश्न बनवण्याचा आहे. लांबीत ०.०५ मिमीची चूक झाली तर किती फरक पडेल? आणि ६ चं कटर चालेल का?

राइनकाठची
अभिनंदन! ०.०५ मिमीला साधारण १५ ते २० मेगाहर्ट्झ. तुझा पट्टा ३०० चा आहे, त्यामुळे सहन होईल, पण तिन्ही कॅव्हिटी वेगवेगळ्या दिशेने चुकल्या तर रिटर्न लॉस बिघडेल, म्हणजे जास्त लाट परत येईल. ६ चं कटर चालेल, गोलाई मॉडेलमध्ये धरून लांब्या पुन्हा जुळवून घे.

सौमित्र_बंगळूर
लॉसबद्दल (वाटेत वाया जाणाऱ्या ऊर्जेबद्दल) फार आशा ठेवू नकोस. १० गिगाहर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये प्रवाह जेमतेम ०.८ मायक्रॉन खोल जातो. मिलिंगच्या खुणा त्याहून खोल असतात, म्हणून मोजलेला लॉस सिम्युलेशनपेक्षा जास्त येतो. आणि झाकण. वरून रुंद भिंतीचं झाकण बसवणार असलीस तर बाजूच्या भिंतीतून वर येणारा प्रवाह नेमका त्याच सांध्यावरून जातो. स्क्रू जवळजवळ घे, कडा लॅप करून (घासून सपाट करून) घे. जमलं तर ठोकळा रुंद भिंतीच्या मधोमध उभा चिरून दोन अर्धे कर. त्या रेषेला प्रवाह ओलांडतच नाही.

निवृत्त_लहरी
आणि ट्यूनिंगचे स्क्रू ठेव. प्रत्येक कॅव्हिटीच्या मध्यावर एक, प्रत्येक खिडकीच्या मध्यावर एक. पण एक गोष्ट विसरू नकोस. कॅव्हिटीचा स्क्रू आत गेला की वारंवारता खालीच येते, वर कधीच जात नाही. खिडकीचा स्क्रू आत गेला की कपलिंग (शेजारच्या कॅव्हिटींची जोडणी) वाढतंच. म्हणून कॅव्हिटी चुकली तर आखूड चुकली पाहिजे, खिडकी चुकली तर अरुंद. लांब झालेल्या कॅव्हिटीला आपल्याकडे औषध नाही.

मृण्मयी_सांगली
हे तर पुस्तकात कुठेच वाचलं नव्हतं, काका. भोसरीचे दादा, हे तुमच्याकडच्या लोकांना कसं सांगायचं?

भोसरीचा_कातारी
सांगू नका, ड्रॉइंगवर लिहा. कॅव्हिटीची लांबी: अधिक ०, उणे ०.०५. खिडकीची रुंदी: अधिक ०, उणे ०.०५. कोपरा: आर ३, सगळीकडे सारखा. एवढं असेल तर ऑपरेटर आपणहून कमीकडे धरून चालतो, कारण एकदा जास्त कापलेलं परत भरता येत नाही हे त्याला तुमच्याआधीपासून माहीत आहे. पहिला ठोकळा झाला की झाकण लावायच्या आधी फोन करा, मापं आपण दोघं मिळून घेऊ.